उतार काठाकाठानं

पुण्यातल्या मुळा-मुठेच्या काठांचा वाद आता नवा राहिलेला नाही. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा अशा मिळून ४४ किलोमीटरच्या काठांचं रूप पालटायचं, बांध घालायचे, बागा करायच्या, फिरायला पक्के मार्ग काढायचे, असा मोठा प्रकल्प महापालिकेनं हाती घेतला. २०२२ च्या मार्चमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. पुढच्याच वर्षी काठावरची झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले. प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघंही पोटतिडकीनं बोलतात. मला खुपतं ते हे, की दोन्हीकडच्या बोलण्यात नदीकाठी येणारा माणूस दोन धड पायांचाच धरलेला असतो.

पुढचा संवाद वहिनी आणि भावजी या दोघांचा आहे. पात्रं मी रचलेली आहेत, वाद मात्र घराघरांत चालू शकेल असा आहे. वहिनी निवृत्त शिक्षिका. लहानपणी पोलिओ झाला; नोकरीची सगळी वर्षं कॅलिपर आणि कुबड्यांवर काढली, आणि खांद्यांनी हात टेकल्यापासून व्हीलचेअर वापरतात. भावजी त्यांचे धाकटे दीर, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. नदी बांधून काढण्याला त्यांचा कडाडून विरोध. त्यांनी हरकतीचं एक पत्र तयार केलं आहे आणि वहिनींनी त्यावर सही केलेली नाही.

भावजी : वहिनी, सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुमचीच तेवढी राहिली.

वहिनी : राहिली नाही, मी केली नाही. पत्र दोनदा वाचलं. वाळुंजाची झाडं आहेत त्यात, पूररेषा आहे, काठातून उतरणारे झरे आहेत, खंड्यासुद्धा आहे. पटतंय सगळं. शेवटी लिहिलंय, 'सध्याच्या पायवाटा आहेत तशाच राहू द्याव्यात.' आहेत तशा म्हणजे तुम्ही खाली उतरायचं आणि मी वर रस्त्यावर थांबायचं. त्यावर मी कशी सही करू?

भावजी : म्हणजे तुम्ही काँक्रीटवाल्यांच्या बाजूनं?

वहिनी : मी कुणाच्याच बाजूनं नाही अजून. पण एक सांगते. अहमदाबादला गेलो होतो तेव्हा साबरमतीच्या काठानं मी एकटी फिरले. खुर्ची मीच चालवत होते. मागे कुणी नाही, 'जपून' म्हणायला कुणी नाही. खालचा मार्ग सपाट, रुंद, शेजारी पाणी. तशी संध्याकाळ मला या गावात कधी मिळालेली नाही, आणि जन्म माझा इथला आहे.

भावजी : ते पाणी साबरमतीचं नाही, वहिनी. नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडलेलं आहे. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये साठवलेलं पाणी. तो लांबलचक तलाव झाला.

वहिनी : असेल. तुम्हाला तिथे नदी दिसली नाही. मला तिथे मी दिसले.

यावर भावजी थोडा वेळ गप्प राहतील असं मला वाटतं, कारण ते सहृदय आहेत. पण त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं. ते हौशी पक्षिनिरीक्षकाचं म्हणणं नाही. ज्यानं नोकरीभर पाण्याचे आकडे मांडले त्याचं आहे.

भावजी : माझी भीती काय आहे ती समजून घ्या. पाटबंधारे खातं नदीला दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे सरासरीनं पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतली जागा पाण्याची. आपण तिथे भराव टाकला, भिंत बांधली, तर पाणी नाहीसं होत नाही. ते तुंबतं, चढतं, नाहीतर पलीकडच्या काठावर जातं. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं ते आठवा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यातलं पोरगंही सांगेल. विठ्ठलवाडीहून वारज्याकडे नदीपात्रातून रस्ता काढला होता. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये तो निळ्या रेषेबाहेर न्यायला सांगितलं. पात्रात काही बांधायचं म्हटलं की कारण प्रत्येक वेळी चांगलंच असतं. रस्ता, वाहनतळ, मेट्रोचे खांब. आता तुमची व्हीलचेअर पुढे करतील. प्रत्येक रंगीत चित्रात ती असतेच.

वहिनी : पानशेत धरणफुटीच्या पाण्याची खूण आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या भिंतीवर होती. १९६१ च्या जुलैत मी तान्ही होते, आईनं मला डोक्यावर धरून माडी गाठली होती. तेव्हा पुराचं तुम्ही मला शिकवू नका. माझं नाव पुढे करून कुणी भिंती बांधत असेल तर मलाही राग येतो. पण भावजी, पक्ष्यांचं नाव पुढे करून मला वर थांबवलं जातं, त्याचाही येतो. दोन्हीकडे मला कुणी विचारलेलं नसतं.

भावजी : बरं, मग विचारतो. तुम्हाला नेमकं काय हवंय? पाण्यालगत पक्का रस्ता?

वहिनी : पाण्यालगतचं नंतर. मी कुठे अडते ते आधी ऐका. मेट्रोनं डेक्कनला येते. स्थानकात लिफ्ट आहे, डब्यात खुर्चीला जागा आहे, फलाट आणि डबा एका पातळीला आहेत. इतकं सगळं जमवलेलं स्थानक नदीच्याच काठावर आहे. तिथून नदीकडे निघाले की सुरू होतं. फुटपाथचा कट्टा वीतभर उंच. उतार केलाय तिथे कुणीतरी दुचाकी लावलेली. फाटकाशी आले तर दुचाक्या आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले, दोन खांबांत माझी खुर्ची मावत नाही. दुचाक्या जातातच. हँडल तिरकं केलं की निघाली आत. मी बाहेर. आणि मी तरी खुर्चीत आहे. आपल्याकडे शिबिरांतून वाटतात ती हातानं चालवायची तीनचाकी सायकल घ्या, ती खुर्चीपेक्षा रुंद असते. जोडचाकाची स्कूटर त्याहून रुंद. गरीब माणूस या गाड्यांवर येतो. पुस्तकातली व्हीलचेअर मोजून नऊशे मिलिमीटरची फट ठेवली तरी हे लोक बाहेरच राहतात.

भावजी : स्कूटर आत कशाला हवी?

वहिनी : आत नको. फाटकापाशी लावायला जागा हवी, सावलीत, आणि तिथून पुढे आधाराचा कठडा. स्कूटरवरून उतरलेला माणूस कुबड्यांवर असतो. त्याला तीनशे मीटर लांबचा वाहनतळ दिला तर तो नदीपर्यंत यायच्या आधीच दमतो.

इथे मला मध्येच बोलायचं आहे. नदीकाठाच्या चर्चेत सगळं लक्ष पाण्याजवळच्या पट्ट्यावर जातं, कारण छायाचित्र तिथलं येतं. पण चालायला त्रास होणाऱ्या माणसाचा प्रवास त्या पट्ट्यावर सुरू होत नाही. तो बसथांब्यावर सुरू होतो. वाटेत एक पायरी, एक उघडं गटार, एक अरुंद फाटक आलं की पुढचं सगळं काम त्याच्यापुरतं वाया गेलेलं असतं, मग त्यावर कितीही कोटी खर्च झालेले असोत. आणि ही वाटेतली बहुतेक कामं पूररेषेच्या बाहेरची आहेत. त्यांना एकही झाड तोडावं लागत नाही. नदीप्रेमींनी ही कामं पहिल्यांदा मागितली असती तर वहिनींची सही केव्हाच झाली असती.

भावजी : फाटक, फुटपाथ, वाहनतळ, कबूल. पण रस्ता वर आणि काठ खाली. मधली उंची कशी उतरणार? आकडा मांडतो. समजा पाच मीटर खाली जायचंय. व्हीलचेअरच्या उताराला बारास एक हे प्रमाण. एक मीटर उतरायला बारा मीटर लांबी. पाच मीटरला साठ. दर आठ-नऊ मीटरवर थांबायला दीड मीटरची सपाट जागा लागते, म्हणजे सत्तरच्या घरात. ही नागमोडी घडी घालून बसवायची तर काठावर केवढं मोठं काँक्रीटचं धूड उभं राहील! आणि ते नेमकं पुराच्या तोंडावर.

वहिनी : घडी का घालायची?

भावजी : जागा कुठे आहे सरळ जायला?

वहिनी : काठ चव्वेचाळीस किलोमीटर लांब आहे म्हणता ना?

भावजी : …

वहिनी : पायऱ्या रस्त्याकडून थेट नदीकडे उतरतात, म्हणून तुम्ही उतारही तसाच डोळ्यापुढे आणता. मी म्हणते, तो काठाकाठानं जाऊ दे. नदीच्या अंगानं, हळूहळू खाली. मला पाच मीटर उतरायला शंभर मीटर लागले तरी चालतील. मी फिरायलाच तर आलेय.

भावजी : शंभर मीटर म्हणजे विसास एक. तेवढ्या सौम्य चढाला मग रॅम्प म्हणायचंही कारण नाही, ती साधी चालायची वाट झाली. काठाच्या उतारावर तिरकी घेतली तर भिंतही लागणार नाही, थोडं कापायचं, थोडं भरायचं… पाण्याच्या दिशेला समांतर असल्यानं पुराला आडवीही येणार नाही. बैलगाड्यांच्या जुन्या उतारवाटा अशाच असायच्या नदीवर. जनावरं पाण्याला न्यायच्या वाटाही तशाच.

वहिनी : मग?

भावजी : झाडं वाटेत आली तर?

वहिनी : वाट वळवा. मला सरळ रेषेची हौस नाही. फक्त वळणावर खुर्ची फिरायला दीड मीटर जागा ठेवा, आणि मुळं वर येऊन फरशी उचलणार नाहीत एवढं अंतर सोडा.

मला या ठिकाणी भावजींपेक्षा त्यांच्या व्यवसायाबद्दल बोलावंसं वाटतं. आपल्याकडे नकाशावर आधी जिना काढतात. सगळं ठरल्यावर 'अपंगांसाठी काय?' हा प्रश्न येतो आणि उरलेल्या कोपऱ्यात उतार कोंबला जातो. तो अर्थातच उभा होतो. पाचास एक, कधी त्याहून वाईट. असा उतार व्हीलचेअर उलटवतो, आणि म्हातारीचा पाय घसरवतो. उताराची वाट आधी आखली आणि जवळचा मार्ग म्हणून जिना नंतर जोडला, तर सगळे त्याच वाटेनं जातील. बाबागाडी ढकलणारी आई जाईल, भाजीची पिशवी ओढणारे आजोबा जातील, गुडघा बदललेली बाई जाईल. वेगळी खूण लावून कुणासाठी काही करावं लागणार नाही.

भावजी : बरं, उतार झाला. पृष्ठभागाचं काय? तुम्हाला काँक्रीट लागणारच ना? पाणी मुरायचं बंद.

वहिनी : मला घट्ट जमीन लागते. घट्ट, सपाट, न सरकणारी. ती काँक्रीटचीच असावी असं मी कधी म्हटलं? उलट पेव्हर ब्लॉकची मला धास्ती आहे. वर्षभरात ते डुगडुगायला लागतात, पुढची लहान चाकं फटीत अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. सुट्टी खडी नको, वाळू नको.

भावजी : मुरूम चालेल? नीट ओलावून, रोलर फिरवून दाबलेला, वर बारीक दगडी कच. मधोमध किंचित उंच, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निथळतं. टेनिस कोर्टाच्या जवळपास जातो असा मुरूम. पाणीही मुरतं थोडं.

वहिनी : पावसाळ्यानंतर?

भावजी : ओघळ पडतील. दरवर्षी ऑक्टोबरात पुन्हा दबाई करावी लागेल.

वहिनी : कोण करणार?

भावजी : तोच प्रश्न आहे.

वहिनी : तोच माझा मुख्य प्रश्न आहे, भावजी. तुमच्या पत्रात तो नाही आणि त्यांच्या प्रकल्पातही मला तो ऐकू येत नाही. धड पायाचा माणूस ओघळ ओलांडतो, चिखल चुकवतो, तुटलेल्या फरशीवरून उडी मारतो. त्याला वाट थोडी खराब झालेली चालते. माझ्यासाठी वाट एक तर आहे, नाहीतर नाही. पूर येऊन गेला की खालच्या भागात गाळ बसतो. तो पहिल्या आठवड्यात ओला असताना फावड्यानं निघतो. वाळून टणक झाला की पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो. नदीकाठाची वाट बांधणाऱ्याच्या करारात गाळ काढायचे दिवस लिहिलेले नसतील, तर ती वाट माझ्यासाठी बांधलेलीच नाही.

भावजी : हे मी लिहितो. करारात देखभाल, किती दिवसांत, कुणाच्या जबाबदारीवर. आणि जिथे दलदल आहे, पक्षी उतरतात, तिथे मुरूमसुद्धा नको. खांबांवर उचललेली फळ्यांची वाट करता येईल. खालून पाणी जातं, गवत वाढतं.

वहिनी : फळ्यांमधल्या फटी चाकाला आडव्या घ्या, चाकाच्या दिशेनं नको. आणि कडेला बोटभर उंचीची पट्टी, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. आंधळ्या माणसाची काठीही तिथे अडते, त्याला कळतं की कड आली.

भावजी : इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्ट म्हणून डोंगर-तळ्यांचा भाग आहे. तिथे शेतांच्या कुंपणांवरून चढून जायच्या पायऱ्या असतात, त्या नसलेल्या वाटांची त्यांनी वेगळी यादी केलीय. 'माइल्स विदाउट स्टाइल्स' म्हणतात. वाटांचे तीन वर्ग. काही सगळ्यांसाठी, काही बऱ्याच जणांसाठी, काही थोड्यांसाठी. उतार, रुंदी, जमीन कशी आहे ते आधीच सांगतात. सगळा डोंगर त्यांनी सपाट केलेला नाही.

वहिनी : हे मला फार आवडलं. मला खोटं आश्वासन नको असतं. 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी लावतात आणि पन्नास मीटरवर पायरी येते. तिथून खुर्ची मागे वळवायलाही जागा नसते. त्यापेक्षा फाटकावर लिहा, इथून किती मीटर जाता येतं, सर्वांत उभा चढ केवढा आहे, स्वच्छतागृह कुठे आहे, बाक किती अंतरावर. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्येही. मग मी ठरवीन जायचं की नाही. आणि बाकांना हात ठेवा. हात नसलेल्या बाकावर बसलेलं म्हातारं माणूस उठू शकत नाही.

भावजी : पण वहिनी, एक विचारू? राग मानू नका. नदी आधी स्वच्छ तर होऊ दे. आज मुठेच्या काठी नाक धरावं लागतं. मैलापाणी शुद्ध करायची कामं जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून चाललीत, ती पूर्ण होऊ देत. मग वाटेचं बघू.

वहिनी : रागच येतो. हे 'आधी' मी जन्मभर ऐकतेय. शाळेत होते तेव्हा आधी इमारत पूर्ण होऊ दे, मग वर्ग खाली आणू. नोकरीत, आधी अनुदान येऊ दे. पाणी घाण असताना तुम्ही जाताच ना रोज सकाळी? नाक धरून जाता, पण जाता. बघता, संतापता, पत्रं लिहिता. मीही संतापले असते. माझ्यासारख्यांना तुम्ही त्या काठावर येऊच दिलं नाहीत, म्हणून तुमच्या लढ्यात आम्ही नाही.

भावजी : हे मला सुचलं नव्हतं.

वहिनी : आणि आता नुसती विनंती राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. सार्वजनिक इमारती सुगम्य करायची नियमांनंतरची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी स्वतः दृष्टिहीन, त्यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका घातली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाही, काही किमान गोष्टी सक्तीच्या करा. म्हणजे जुनं नंतर सुधारू, हे झालं; पण आज जे नवं बांधताय ते तरी चुकीचं बांधू नका. एकदा दगडी पायऱ्या बसल्या की त्या पन्नास वर्षं तशाच राहणार.

भावजी : किती लोकांसाठी, हा प्रश्न अधिकारी विचारतीलच.

वहिनी : विचारू देत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. पण त्याच जनगणनेत साठीच्या पुढचे दहा कोटींहून जास्त होते. त्यांतल्या किती जणांच्या गुडघ्यांनी साथ सोडली असेल, ते त्या कुठल्याच रकान्यात नाही. तुमचं वय किती आता?

भावजी : सदुसष्ट. पायऱ्या उतरताना त्रास होतो. चढताना नाही एवढा.

वहिनी : तरी पत्रात लिहिलंत, आहेत तशा राहू द्याव्यात.

इथवर दोघं बरेच जवळ आले आहेत. पण एका ठिकाणी ते खरोखर अडतात, आणि तिथे घाईनं समेट करू नये असं मला वाटतं.

भावजी : निळ्या रेषेबाहेर तुम्ही म्हणाल ते. आत मुरमाची वाट, फळ्यांची वाट, तिरका उतार, तेही मान्य. पण थेट पाण्यापर्यंत नवं बांधकाम मी मान्य करणार नाही. काठावरून नदी दिसते. पाण्याला हात लागलाच पाहिजे असं कशाला?

वहिनी : ह्यांच्या दहाव्याला तुम्ही खाली घाटावर होतात.

भावजी : हो.

वहिनी : मुलगा होता, तुम्ही होतात, गुरुजी होते. मी वर गाडीत होते. ओल्या पायऱ्या, मला उचलून न्यायला तुम्ही दोघं तयार होतात, मीच नको म्हटलं. पायऱ्यांवरून चौघांनी उचलून न्यायचं ते त्यांना नेलं होतं, मला तसं त्या दिवशी जायचं नव्हतं. कावळा शिवल्याचं मला फोनवरून कळलं. खाली सव्वाशे पावलांवर होतात तुम्ही. ह्यांच्या नावानं पाणी सोडताना तुमच्या हाताला पाणी लागलं. मला ते हवं होतं, भावजी. काठावरून दिसलं नसतं ते.

भावजी : …वहिनी, मला माहीत नव्हतं तुम्हाला खाली यायचं होतं.

वहिनी : उचलून न्यायला नको म्हटलं होतं, यायला नाही. यायचंय का, हे कुणी विचारलं नव्हतं. गृहीत होतं सगळ्यांचं, की मी वरच थांबणार.

भावजी : घाट आहेत त्या ठिकाणी मग. नवं बांधकाम नको, पण जुने दगडी घाट पात्रात आधीपासून उभे आहेत, दरवर्षी पाण्याखाली जातात आणि टिकतात. त्यांच्याच अंगाला, प्रवाहाला समांतर, दगडी उतार जोडला तर नदीची रुंदी कमी होत नाही. दगडाला टाकी मारून खडबडीत करायचा, शेवाळ आलं तरी पकड राहील. शेवटी पाण्यालगत दीड-दोन मीटरचा सपाट ओटा, आणि चाक पुढे जाऊ नये म्हणून कड. ओंकारेश्वराच्या बाजूला, सिद्धेश्वर-वृद्धेश्वराच्या घाटाला जागा बघता येईल. पुरातत्त्ववाले काय म्हणतात ते विचारावं लागेल.

वहिनी : विचारा. नाशकातही २०२७ चा कुंभमेळा येतोय. गोदेच्या घाटांवर जेवढे म्हातारे उतरतील, त्यांना पायऱ्यांशिवाय दुसरं काय दिसणार आहे? तिथल्या तुमच्या ओळखीच्यांनाही हे कळवा.

भावजी : पण येरवड्याकडे, सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणतो तो भाग, तिथे मी पाण्यापर्यंत काहीही होऊ देणार नाही. ना व्हीलचेअरसाठी, ना कुणासाठी.

वहिनी : कुणासाठीच नसेल तर माझी हरकत नाही. तुमच्यासाठी पायवाट आणि माझ्यासाठी बंदी, असं नको. सगळ्यांनी एका ठिकाणी थांबून बघायचं असेल तर तिथपर्यंत मला आणा.

भावजी : म्हणजे वरच्या अंगाला एक निरीक्षणाची जागा. सपाट. रस्त्यापासून तिथवर वाट. पत्रात घालतो. 'शक्य असेल तेथे' असं लिहू का पुढे? म्हणजे अधिकारी नाकारणार नाहीत.

वहिनी : ते शब्द काढा. ते असले की पुढचं काही होत नाही. घाटाच्या बाबतीत हवं तर ठेवा, तिथे दगड आणि पाणी काय म्हणतील ते खरंच माहीत नाही. फाटक, फुटपाथ, उतार, बाक, गाळ, निरीक्षणाची जागा, यांत न होण्यासारखं काय आहे?

भावजी : घाटाला ठेवतो. बाकी सगळीकडून काढले. आता सही?

वहिनी : थांबा. निरीक्षणाच्या जागेला कठडा किती उंच लिहिलाय?

भावजी : एक मीटर दहा सेंटिमीटर. सुरक्षेसाठी तेवढा लागतो.

वहिनी : मी बसले की माझे डोळे जमिनीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर येतात. भरीव भिंत घातलीत तर मी भिंत बघत बसेन. उंची ठेवा, पण वरचा दांडा बारीक घ्या आणि खाली उभ्या सळया घ्या, आडव्या नकोत, पोरं चढतात. दोन सळयांत मुलाचं डोकं जाणार नाही एवढीच फट. हे लिहा, मग आणा इकडे पेन.